काचेच्या खोलीतला पारा

खास तपासण्या करणाऱ्या बाहेरच्या रेफरन्स लॅबमधल्या बाईंनी फोनवर आकडा सांगितला आणि मी तो मोठ्याने परत म्हणून दाखवला. आमच्याकडे तशी पद्धत आहे. फोनवर आलेला आकडा ऐकणाऱ्याने परत म्हणायचा, म्हणजे घोळ होत नाही. बाई "बरोबर" म्हणाल्या. आकडा लघवीतल्या पाऱ्याचा होता. एवढा आकडा मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिला नव्हता.

मी तेव्हा बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात केमिकल पॅथॉलॉजीची कन्सल्टंट होते. रक्त-लघवीतली रसायनं मोजून शरीरात काय बिघडलंय ते सांगणारं हे खातं. पेशंट आम्हाला सहसा दिसत नाही, त्याच्या बाटल्या दिसतात. माझं आडनाव देवस्थळी. इथे पहिल्याच आठवड्यात त्याचं "डॉक्टर देव" झालं, आणि मी हरकत घेतली नाही.

ही बाटली शमीमबाईंची होती. नावं इथे सगळी बदलली आहेत. वय सत्तरीच्या जरा अलीकडे. हात थरथरायचे, चालताना तोल जायचा, झोप नव्हती. कुणी खोलीत आलं की त्या तोंड फिरवायच्या, मधूनच रडायच्या. जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, आधी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. मग पार्किन्सन्स असेल म्हणून त्याच्या दिल्या. कशाचाच उपयोग झाला नाही. न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात आल्या तेव्हा नोट्समध्ये "रॅपिड डिमेन्शिया" लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेलं होतं. म्हणजे झपाट्याने बुद्धी जाणारा आजार, पण खात्री नाही.

पाऱ्याची शंका न्यूरॉलॉजीचा रजिस्ट्रार, म्हणजे वॉर्डातला डॉक्टर, रोहन याला आली. रोहन लंडनच्या एजवेअरला जन्मला आणि तिथेच वाढला. माझ्याशी हट्टाने मराठी बोलायचा. त्याच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंग वाऱ्यावर सोडलेलं असायचं, पण डॉक्टर म्हणून नजर पक्की होती. सँपल पाठवायच्या आधी त्याने मला फोन केला होता.

"डॉक्टर, तिची हिरड्या खूप सुजलाय. दात हलतात. आणि युरिनमध्ये प्रोटीन आहे. डिमेन्शियात हिरड्या का सुजेल?"

"सुजतील," मी म्हणाले.

"हां, सुजतील. पण का?"

"डिमेन्शियात नाही सुजणार. हेव्ही मेटल्स पाठव. शिसं, पारा, सगळंच. मी सही करते."

आमचा लॅब मॅनेजर ग्रॅहम ह्यावर हसला होता. बाहेर पाठवायच्या टेस्टवर त्याची नजर असायची.

"हेव्ही मेटल्स म्हणजे न्यूरॉलॉजीवाल्यांचा शेवटचा आसरा," तो म्हणाला. "नेहमी नॉर्मल येतात, देव."

"मग आणखी एकदा नॉर्मल येऊ दे," मी म्हणाले.

ह्या वेळी नॉर्मल आलं नाही.

आता पारा सापडला, पण आला कुठून हे कळल्याशिवाय उपचार म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. पारा एका जातीचा नसतो. माशांतून येतो तो वेगळा, तो रक्तात दिसतो. गोरं करणाऱ्या क्रीममधला आणि भस्मातला वेगळा. थर्मामीटरमधला चकाकणारा वेगळा. हा चकाकणारा पारा गिळला तर बहुतेक जसाच्या तसा बाहेर पडतो. उघडा राहिला तर मात्र त्याची वाफ होते, साध्या खोलीच्या उबेतसुद्धा. तिला रंग नाही, वास नाही. ती फुप्फुसातून रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूत.

मी वॉर्डात गेले. शमीमबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत त्यांचे मिस्टर बसले होते. नीट विंचरलेली पांढरी दाढी, कोट, मांडीवर जेवणाचा डबा. इद्रीस सर म्हणून त्यांना सगळा मोहल्ला ओळखायचा. इथल्या शाळेत केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. मूलबाळ नव्हतं. माझा बॅज वाचून ते उठून उभे राहिले.

"देवस्थळी. म्हणजे महाराष्ट्रातल्या?"

"मिरजेची."

"मी नांदेडचा. मराठी येते मला, मॅडम. गंजलीय, पण येते."

मी त्यांना बाहेरच्या छोट्या खोलीत नेलं आणि आमचे नेहमीचे प्रश्न सुरू केले. कुठलं क्रीम? हकिमाचं औषध? कुश्ता, धातूचं भस्म? डोळ्यांत सुरमा?

त्यांचा चेहरा कडक झाला. "मॅडम, जीपीने हेच विचारलं. पहिल्या दिवशी इथल्या डॉक्टरनेही हेच विचारलं. आमचं नाव दिसलं की हकीम आणि सुरमा. मी सगळी उमर केमिस्ट्री शिकवली. माझ्या घरात कुश्ता येणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. मी कागद बाजूला ठेवला.

"मग सर, दिवसभर घरी काय करता?"

हा प्रश्न त्यांना बहुधा बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. ते जरा सैल होऊन बसले.

"अल-राझीवर काम करतो."

मला नाव ऐकून माहीत होतं, तेही वैद्य म्हणून. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे त्याने नीट मांडलं, एवढंच कॉलेजात कानावर पडलेलं.

"ते डॉक्टरांना माहीत असतं," इद्रीस सर म्हणाले. "केमिस्ट्रीवाल्यांना तेवढंही नसतं. हजार वर्षांहून जुना माणूस. रय गावचा, आजच्या तेहरानजवळ. बगदादमध्ये हॉस्पिटल चालवायचा. मी शाळेत शिकवायचो तेव्हा पुस्तकातली केमिस्ट्री युरोपात सुरू व्हायची. त्याआधीचे सगळे एका ओळीत संपायचे, सोनं करायला निघालेले वेडे म्हणून. मीही तसंच शिकवलं. रिटायर झाल्यावर वाचायला लागलो, तेव्हा लाज वाटली."

"सोनं करायचं वेड त्याला नव्हतं?"

"होतं की. खोटं कशाला सांगू? पण त्याची रीत बघा. बाकीचे कोड्यात लिहायचे, दुसऱ्याला कळू नये म्हणून. हा सरळ लिहितो. भांडं कोणतं, त्याला बाहेरून माती कशी लिंपायची, आच मंद की तेज, कुठवर. भट्टी, मूस, चिमटा, अर्क उतरवायचं नळीचं भांडं, सगळ्यांची वर्णनं. तुम्ही आज लॅबमध्ये मेथड लिहिता ना, तसं. दुसऱ्याने वाचून पुन्हा करून पाहावं म्हणून."

ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. अल-राझीने पदार्थांची वाटणी केली. प्राण्यांपासूनचे, झाडांपासूनचे आणि खनिजं. मग खनिजांची पुन्हा वाटणी. धातू, दगड, मोरचुदाच्या जातीचे, टाकणखाराच्या जातीचे, मिठं. रंगरूपावर न जाता, आगीत कोण कसं वागतं ते पाहून. आज आम्ही अल्कली हा शब्द दिवसातून पन्नासदा वापरतो. तो अरबी आहे हेही आम्हाला आठवत नाही.

"आणि एक जात रूहांची, आत्म्यांची," सर म्हणाले. "आगीजवळ नेलं की उडून जातात, म्हणून रूह. गंधक, नवसागर, हरताळ." ते थांबले. "आणि पारा."

"सर, घरी पारा आहे?"

 त्यांनी होकारार्थी मान हलवली. जुना बॅरोमीटर घेतला होता, हवेचा दाब मोजायचा. त्यातला पारा एका पसरट चिनीमातीच्या भांड्यात ठेवलेला होता. शनिवारी मशिदीच्या हॉलमध्ये ते मुलांना विज्ञान शिकवायचे. त्यांना दाखवायला अल-राझीचे प्रयोग स्वतः करून त्याचे व्हिडिओ करत होते.

"पण मॅडम, मी अनाडी नाही. पारा तापवला तो फक्त बंद काचेत. खिडक्या उघड्या टाकून. शमीमला पुढच्या खोलीत पाठवून. अल-राझीने माकडाला पारा पाजून पाहिला होता, असं म्हणतात. नुसता पोटात गेला तर फार बिघडत नाही आणि धूर करून बनवलेला मारतो, हा फरक त्याला माहीत होता. मला नसेल?"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. डब्याच्या झाकणावर त्यांचीही बोटं बारीक थरथरत होती.

त्यांनी सांगितलेली काळजी खरी असेल, तर एवढा आकडा यायला नको होता. सर नमाजाला गेले तेव्हा मी शमीमबाईंच्या पलंगाशी खुर्ची ओढली. त्यांचं इंग्रजी आजारात जवळजवळ गेलं होतं. राहिली होती लहानपणची दखनी उर्दू, आणि ती मला कळत होती. मी घराबद्दल विचारलं. दिवसा कुठे बसता?

काँझर्व्हेटरीत, त्या म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या मागे काढलेली काचेची खोली. सरांचं टेबल तिथेच, आणि हीटरजवळ त्यांची शिवणकामाची खुर्ची. थंडीत घरात तेवढीच उबदार जागा. दार बंद ठेवायचं.

 मग त्या पांघरुणाची कड चाचपू लागल्या.

"मेरे हात से गिरा," त्या म्हणाल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. थंडी सुरू होताना, सर हॉलवर गेले असताना, त्या पडदा ओढायला गेल्या. टेबलावरच्या भांड्याला धक्का लागला. चांदीसारखं पाणी कार्पेटवर पडलं आणि त्याच्या गोळ्या होऊन पळाल्या. हाताला लागेनात. सरांनी ते किती जपून ठेवलंय हे त्यांना ठाऊक होतं. जमलं तेवढं कागदाने उचलून त्यांनी भांड्यात परत टाकलं. उरलेलं व्हॅक्यूम क्लीनरने ओढलं. आणि कुणाला काही सांगितलं नाही.

व्हॅक्यूमने पारा ओढणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. यंत्र तापतं, पाऱ्याचा चुरा करतं आणि मागून वाफ सोडतं. पुढे तेच यंत्र रोज सगळ्या घरात फिरतं. कार्पेटमध्ये मुरलेला पारा हीटरशेजारी हिवाळाभर तापत राहिला, आणि त्याच्या वर खुर्ची टाकून त्या शिवत बसल्या.

"उनकू नक्को बोलो," त्या म्हणाल्या. त्यांनी माझी बाही धरली होती. "उनकी चीज खराब करी मैं."

मला सांगावं लागणार होतं. घर बंद करायचं होतं. मी त्यांना होही म्हणाले नाही आणि नाहीही. मेंदूवर पाऱ्याचा असाच परिणाम होतो. माणूस भित्रा, लाजरा, चोरटा होतो. ही भीती पाऱ्याची किती आणि संसारातली किती, हे सांगणारी टेस्ट आमच्याकडे नाही.

मी हेल्थ प्रोटेक्शनच्या टीमला कळवलं. विषाची घटना घडली की घर तपासणारी ही सरकारी माणसं. त्यांच्याबरोबर मीही गेले. टेरेस हाउस, म्हणजे ओळीत एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांतलं एक, दारात जिरेनियमची कुंडी. काचेच्या खोलीत सरांचं टेबल लखलखीत होतं. नळीची भांडी स्वतः मातीने लिंपलेली, प्रत्येकाला उर्दूत आणि इंग्रजीत चिठ्ठी. हीटरजवळ खुर्ची, तिच्यावर अर्धा शिवलेला कुर्ता. टीममधल्या माणसाने मीटर कार्पेटजवळ नेला, आकडा पाहिला आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं.

सर बाहेर फुटपाथवर उभे होते. मी त्यांना सांगितलं. शक्य तितक्या कमी शब्दांत.

त्यांनी समोरच्या घराकडे तोंड केलं.

"पारा कमी भरला होता," ते म्हणाले. "तापवायच्या आधी मी वजन केलं होतं. पुन्हा केलं तर कमी. मला वाटलं माझ्या काचेतून उडाला. नंतर वाटलं अल-राझीनेच कुठेतरी चूक लिहिलीय. मी त्याला दोष दिला, मॅडम. मुलांसमोर."

"सर, तुम्हाला कसं कळणार होतं?"

"ती सांगू शकली असती."



"तिला सांगता आलं असतं," ते पुन्हा म्हणाले, पण ह्या वेळी ते माझ्याशी बोलत नव्हते.

त्या घरातून कार्पेट, पडदे, सोफा, शिवणाचं सगळं सामान गेलं. तो कुर्ताही. व्हॅक्यूम क्लीनर डब्यात सील करून नेला. वाफ भिंतींतही मुरली होती. सर एका मित्राच्या घरी राहायला गेले. त्यांच्याही लघवीत पारा निघाला, पण कमी. ते दिवसभर बाहेर असायचे, लायब्ररीत, हॉलवर. शमीमबाई दिवसभर घरात असायच्या.

शमीमबाईंना कीलेशन सुरू केलं. ही औषधं धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढतात. कॅप्सूल उघडली तर सडक्या अंड्यांचा वास येतो. पहिल्या आठवड्यात पारा भराभर बाहेर पडला. मग आकडे उतरू लागले. रोहन रोज फोन करून आकडा विचारायचा.

"डॉक्टर, खाली येतोय ना?"

"येतोय. त्या कशा आहेत?"

"सेम."

हे "सेम" मी वसंतभर ऐकलं. हिरड्या बऱ्या झाल्या. लघवीतलं प्रोटीन गेलं. थरथर थोडी कमी झाली, चमचा तोंडापर्यंत जायला लागला. पण चालणं आलं नाही. गेलेले शब्द परत आले नाहीत. आणि सर वॉर्डात आले की त्या चादर तोंडावर घ्यायच्या. आपण सांडलं हे सरांना कळलंय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. सर पलंगाशी बसून म्हणायचे, मी रागावलो नाही, मी रागावलो नाही. चादर हलायची नाही. नर्सेसनी शेवटी त्यांना सांगितलं की तुम्ही आलात की त्यांचा बीपी वाढतो, जरा कमी या.

पाऱ्याची वाफ मेंदूत जाऊन जे करते ते सगळं औषधाने परत फिरत नाही. पारा निघतो, जागा जळलेली राहते. हे मला माहीत होतं. नातेवाइकांना सांगायचं ते वाक्यही मला पाठ होतं. सरांना ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यासारखं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे रिॲक्शन रिव्हर्सिबल नाही," ते म्हणाले.

"नाही, सर."

उन्हाळ्यात शमीमबाईंना नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायमची देखभाल करणाऱ्या जागी, हलवलं. ग्रॅहम खूश होता. लॅबने पकडलेली केस म्हणून आम्ही ती रीजनल मीटिंगमध्ये मांडली. टाळ्या झाल्या. मला वाटलं, अल-राझीबद्दल बोलायला सरांनाच बोलवावं, दहा मिनिटं. त्यांनी एवढं वाचलंय, कुणीतरी ऐकावं. मी फोन केला.

"नको," ते म्हणाले. "शनिवारचा वर्गही बंद केला मी."

"मुलांचं नुकसान आहे, सर."

"त्यांना सांगेल कुणीतरी. अल-राझीला हजार वर्षं थांबायची सवय आहे." मग म्हणाले, "म्हातारपणी त्याचे डोळे गेले होते, मॅडम. कशाने, ते नक्की कुणाला माहीत नाही. लोक काहीही सांगतात. पण मी हल्ली विचार करतो, त्याच्या भट्टीशेजारी घरातलं कोण बसत असेल. त्यांच्याबद्दल कुणीच लिहून ठेवलेलं नाही. त्यानेही नाही."

त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. पुढच्या थंडीत शमीमबाई न्यूमोनियाने गेल्या. रोहनने सांगितलं. "ते गेला," म्हणाला, आणि मी पहिल्यांदाच त्याचं मराठी दुरुस्त केलं नाही. सर मयताला शेवटपर्यंत उभे होते, असं त्याच्या कानावर आलं होतं. पुढे ते शहर सोडून कुणा पुतण्याकडे गेले. घर अजून रिकामं आहे की विकलं, मला माहीत नाही.

हॉस्पिटलने ह्या केसवरून धडा घेतला. ग्रॅहमने गाइडलाइनमध्ये ओळ घातली: असा पेशंट आला की त्याला त्याचे छंद विचारावेत. ज्युनिअर डॉक्टर आता विचारतात. लोक बागकाम म्हणतात, विणकाम म्हणतात. चांगली ओळ आहे. फक्त शमीमबाईंना छंद विचारला असता तर त्यांनी शिवणकाम सांगितलं असतं, आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो असतो. पारा त्यांचा छंद नव्हता. मी रिटायर होईपर्यंत ज्युनिअरना एवढंच सांगत राहिले, की पेशंटचं विचारून झालं की त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचं विचारा. काही जण ते लिहून घ्यायचे.